असं का? : दीड लाख प्रोसेसर, तारा किती?

दोन संगणक जोडायला एक तार पुरते. तिघांना तीन, चौघांना सहा. मग जपानमधल्या कोबे शहरातल्या 'फुगाकू' महासंगणकाचं काय? त्यात १,५८,९७६ प्रोसेसर एकत्र राबतात. प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचं, तर सुमारे १,२६४ कोटी तारा लागतील!

म्हणून फुगाकूत प्रत्येक प्रोसेसरला जोडण्या फक्त दहा. दूरचा निरोप मधल्यांच्या हातून, टप्प्याटप्प्यानं जातो. आता टप्पे कमी कसे करायचे? चोवीस जणांच्या सरळ रांगेत या टोकाचा निरोप त्या टोकाला पोचायला २३ टप्पे लागतात. दोन्ही टोकं जोडून रांगेचं वर्तुळ केलं, की जास्तीत जास्त १२! फुगाकूच्या सहा अक्षांच्या जाळ्यात अशी वर्तुळं आहेत.

हवामानाच्या गणिताला ही रचना मानवते. आकाशाचा एकेक तुकडा एकेका प्रोसेसरकडे असतो आणि वारा, आर्द्रता यांचे आकडे त्याला मुख्यतः शेजाऱ्यांकडूनच हवे असतात.

पण काही गणितांत सगळ्यांना सगळ्यांशी बोलावं लागतं. तिथे वर्तुळात कोंडी होते. त्यावर अमेरिकेतल्या चार्ल्स लायझरसन यांनी १९८५ मध्ये झाडाची रचना सुचवली: फांद्या बुंध्याकडे जाड होत जातात, तशी बुंध्याकडच्या जोडण्यांची क्षमता वाढवत न्यायची.

अमेरिकेच्या 'फ्रंटियर' महासंगणकात तिसरी तऱ्हा आहे. तिथे प्रोसेसरांचे गट असतात आणि गटागटांत थेट दुवे.

एवढा खटाटोप कशासाठी? निरोपाची वाट पाहणारा प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी तेवढा वेळ तो रिकामाच!