एक पद, दोन गायकी : ‘घेई छंद मकरंद’ आणि पुनर्गायनाचा प्रश्न

संगीत नाटकातील एखादे पद लोकप्रिय झाले, की त्याची एकच चाल आणि एकच आवाज रसिकांच्या स्मरणात स्थिर होतो. तेच पद दुसऱ्या रीतीनेही गायिले गेले होते, ही वस्तुस्थिती हळूहळू मागे पडते. पुढे तर लोकप्रिय झालेले गायन हेच मूळ, अशी समजूत रूढ होते. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील ‘घेई छंद मकरंद’ हे पद या प्रक्रियेचे बोलके उदाहरण होय.

हे नाटक व त्यातील हे पद पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिले. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा या ग्रामनामावरून सिद्ध झालेले हे आडनाव मराठी रंगभूमीच्या इतिहासात ठसले, ते प्रामुख्याने या नाटकामुळे. दारव्हेकरांचे कार्यक्षेत्र नागपूर. तेथील ‘रंजन कला मंदिर’ ही संस्था त्यांनीच उभारली. ज्यांच्या कंठाने हे पद सर्वतोमुखी केले ते वसंतराव देशपांडे हेही वऱ्हाडचेच. त्यांचा जन्म १९२० साली मूर्तिजापूर येथे झाला. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी ‘शकुंतला’ ही नॅरोगेज आगगाडी, जी आता बंद आहे, दारव्ह्यावरूनच जात असे. नाटक मात्र मुंबईच्या ‘नाट्यसंपदा’ने डिसेंबर १९६७ मध्ये रंगभूमीवर आणले आणि संगीत दिले ते गोमंतकातील मंगेशीचे पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी.

पदाच्या दोन रूपांचे मर्म कळण्यासाठी नाटकाची मांडणी ध्यानी घेणे अवश्य आहे. विश्रामपूर संस्थानचे राजगायक पंडित भानुशंकर आणि त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब आफताब हुसेन यांच्यातील संघर्ष हा नाटकाचा कणा होय. दरबारातील स्पर्धेत पंडितजींचा आवाज उमटत नाही. राजगायकाचे पद, मानाची कट्यार आणि हवेली ही सारी खाँसाहेबांकडे जातात. दोघांचा विरोध केवळ व्यक्तींचा नाही, तर दोन गायकींचा आहे. हा विरोध संवादांतून सांगता आला असता. परंतु संगीत नाटकात तो कानाला प्रतीत व्हावा लागतो. म्हणूनच एकच पद दोन भिन्न रागांत बांधण्याची योजना येथे आढळते.

पंडितजींच्या परंपरेतील चाल सालगवराळी या रागात आहे. हा राग हिंदुस्थानी पद्धतीच्या श्रोत्यांना सुपरिचित होण्यात अभिषेकींचा वाटा मोठा आहे. यात मध्यम वर्ज्य असून ऋषभ व गंधार कोमल आहेत. त्यामुळे पूर्वांगात तोडीची छाया पडते, तर उत्तरांगातील शुद्ध धैवतामुळे ती काहीशी उजळते. लय संथ, स्वरांचा लगाव अंतर्मुख. खाँसाहेबांची चाल धानी या रागात आहे. षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद या पाच स्वरांचा हा सुटसुटीत, चपळ राग. लय द्रुत, तानांची फेक धारदार. शब्द मात्र दोन्हीकडे तेच आहेत : पुष्परसात रमलेल्या भ्रमराचे वर्णन. पहिल्या चालीत तो भ्रमर कमळात विसावलेला वाटतो. दुसरीत तो मधाने धुंद होऊन फुलाफुलांवर झेपावतो. अर्थ शब्दांत असतो तितकाच स्वरांतही असतो, हे तत्त्व सिद्ध करावयास याहून स्वच्छ प्रमाण सापडणे कठीण.

या दोन रूपांपैकी लोकमानसात राहिले ते दुसरे. आज ‘घेई छंद’ म्हटले की बहुसंख्य श्रोत्यांच्या कानी वसंतरावांची धानीतील झेप उभी राहते. याची कारणे एकाहून अधिक आहेत. धानीचा पंचस्वरी आकृतिबंध चटकन कानात बसतो. सालगवराळीची स्वरसंगती सरावाने उलगडते. शिवाय भ्रमराच्या स्वच्छंद वृत्तीशी द्रुत लय अधिक उघडपणे जुळते. तिसरे कारण गायकाच्या घडणीत आहे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आरंभ केलेल्या वसंतरावांनी लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा भिन्न परंपरांतील गुरूंकडून विद्या घेतली आणि दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचा संस्कारही पचविला. कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत न मावणारा हा गायक, घराण्याच्या अभिमानाने पेटलेल्या खाँसाहेबांच्या भूमिकेत उभा राहिला, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

पाश्चात्य लोकप्रिय संगीतात एकाचे गीत दुसऱ्याने नव्याने गायिले म्हणजे त्यास ‘कव्हर’ असे म्हणतात. मराठीत त्यास पुनर्गायन म्हणता येईल. ‘कट्यार’ रंगभूमीवर आले त्याच महिन्यात, डिसेंबर १९६७ मध्ये, अमेरिकेत बॉब डिलन यांचे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हे मोजक्या वाद्यांवरचे गीत प्रसिद्ध झाले. १९६८ साली जिमी हेंड्रिक्स यांनी ते विद्युत गिटारीच्या झंझावातात गायिले आणि तेच रूप जगप्रसिद्ध झाले. पुढे स्वतः डिलनही जलशांतून ते हेंड्रिक्सच्या रीतीला जवळ जाऊन गाऊ लागले. येथे साम्य आहे, पण भेदही महत्त्वाचा आहे. तेथे दोन कलावंतांची दोन स्वतंत्र रूपे होती. येथे दोन्ही रूपे एकाच संगीतकाराने, एकाच नाटकासाठी, परस्परविरोध दाखविण्याकरिता घडविली. म्हणून डिलनचे मूळ गीत विसरले गेले तरी हेंड्रिक्सचे गायन अपुरे होत नाही. परंतु सालगवराळीचे रूप विसरले गेले, की धानीचे रूप कशाला उत्तर देत होते हेच कळेनासे होते.

मराठी नाट्यसंगीताला ही विस्मृती नवी नाही. किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतल’पासून पदे साकी-दिंडीवर व प्रचलित चालींवर रचली जात; ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालांच्या बंदिशींचा आधार घेतला. छापील पुस्तकांत पदांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गीताचा उल्लेख असे. पद अजरामर झाले आणि ते मूळ गीत त्या एका ओळीपुरते उरले.

‘कट्यार’ने हा प्रश्न आपल्या कथेतच घेतला आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. ‘या भवनातील गीत पुराणे’ या पदात हवेलीतील जुन्या, हळव्या सुरांना निरोप देऊन नव्या सुरांचे स्वागत केले जाते. विजयी गायकी पराभूत गायकीला घराबाहेर काढते, असा तो क्षण आहे. परंतु काळाने या पदालाच उलटे करून टाकले. २०१५ साली सुबोध भावे यांनी या नाटकावर चित्रपट केला, त्यात खाँसाहेबांची गाणी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी गायिली. आणि तेव्हा, १९६७ साली ‘नवे’ म्हणून आलेले सूरच स्मरणरंजनाचा विषय झाले होते. जुन्या सुरांना घालविणारे पद स्वतःच जुन्या काळची आठवण म्हणून ऐकले गेले.

अभ्यासकाने यातून घ्यावयाचा बोध असा की, यशस्वी रूप म्हणजे संपूर्ण कृती नव्हे. यश हे लय, कंठ, राग आणि काळ यांच्या मेळाचे फळ असते. त्यावरून मागे राहिलेल्या रूपाची योग्यता ठरत नाही. नाट्यसंगीताचा अभ्यास केवळ गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांवर आधारला, तर नाटककाराने आखलेला संवाद हरवून त्याची एकच बाजू हाती येईल. दारव्हेकरांच्या नाटकाचा निष्कर्षही याहून वेगळा नाही : दोन्ही गायकी ज्याने आत्मसात केल्या त्या सदाशिवातच तेथील संघर्षाचे उत्तर आहे. ‘घेई छंद’चे धानीतील रूप ज्याला खरोखर समजून घ्यावयाचे आहे, त्याने सालगवराळीतील रूप आधी ऐकले पाहिजे.