तीन पेले, एक वेगळा

पिल्सनरच्या जन्मकथेवर फार रेंगाळायला नको. बव्हेरियाहून बोलावलेल्या योसेफ ग्रोल यांनी १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्सेनला सोनेरी लागर बिअर काढली. जर्मन ब्रुअरीजनी पुढे ती अधिक कोरडी, अधिक कडू केली. महत्त्वाचं आहे ते हे, की जर्मन पिल्सची पारख तिच्यात काय नाही यापासून सुरू होते. काळ्या स्टाउटमध्ये भाजक्या माल्टच्या आड बरंच काही खपून जातं. पिल्स साध्या वरणासारखी: जरा लागलं की वास लपत नाही. यीस्टला पुरेसा वेळ दिला नाही तर डायअसिटिल उरतं आणि लोण्याचा वास येतो. त्याला लिटरमागे एक मिलिग्रॅमचा दहावा भागही पुरतो. उकळी नीट झाली नाही तर फिकट माल्टमधून शिजलेल्या मक्याचा वास येतो. आणि हिरव्या बाटलीवर ऊन पडलं की हॉप्सच्या कडवटपणातूनच एक उग्र दुर्गंध तयार होतो.

यावर कुणी म्हणेल, चव ही ज्याची त्याची आवड, तिची परीक्षा कसली? याचं उत्तर म्हणजे डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्गच्या लोकांनी १९४० च्या दशकात वापरात आणलेली तीन पेल्यांची चाचणी. दोन पेल्यांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा, एवढंच. आवडली का, हे कुणी विचारतच नाही. चोवीस जण बसले तर निव्वळ अंदाजानेही सरासरी आठ जण बरोबर येतील. म्हणून किमान तेरा जणांनी ओळखल्याशिवाय फरक मान्य होत नाही. माणसाच्या लहरी जिभेला इतक्या साधेपणाने साक्षीला उभं करणारी ही युक्ती मला विलक्षण वाटते.

मग यंत्रंच का नकोत? डायअसिटिल यंत्र नाकापेक्षा बारीक मोजतं, हे खरंच. कडवटपणाचाही आकडा मिळतो. पण ३५ हाच आकडा असलेल्या दोन पिल्समधली एक घशाखाली स्वच्छ उतरते, दुसरी जिभेच्या मुळाशी चिकटून राहते, आणि पिल्सचा कस तिथेच लागतो. म्हणून वाइन चाखणारे थुंकतात तरी बिअरचे पारखी सहसा घोट गिळतात.

अडचण इथूनच सुरू होते. कडवटपणा घोटागणिक साठत जातो. चौथ्या पेल्याला तिसऱ्याची शिक्षा मिळते. म्हणून प्रत्येकाला पेल्यांचा क्रम बदलून देतात, मध्ये पाणी आणि पाव देतात. याहून काळजीची गोष्ट म्हणजे सवय. एखाद्या ब्रुअरीत लोण्याची किंचित छटा रोजचीच झाली, तर ती तिथल्या पारख्यांना दोष वाटेनाशी होते, आणि तिन्ही पेल्यांत तोच दोष असेल तर ती सुंदर चाचणी गप्प बसते. काहींना मुळातच तो वास येत नाही. त्यामुळे चांगल्या बिअरमध्ये मोजून डायअसिटिल मिसळायचं आणि पेला पुढे ठेवायचा: अधूनमधून बिअरऐवजी पारख्याचंच नाक तपासावं लागतं.