कुंचल्याची वाट (५) : मोटारी धुणारा चित्रकार

मागच्या आठवड्यात कलाशाळेतल्या प्रवेशाची माहिती पाहिली. पण ज्याचं प्रवेशाचं वय उलटून गेलं, घरची जबाबदारी लवकर अंगावर पडली आणि हातातली पेन्सिल तरी सुटत नाही, त्याने काय करायचं? या प्रश्नाची उत्तरं १९३० आणि ४०च्या दशकांतल्या मुंबईत मुबलक सापडतात. पुढे भारतीय चित्रकलेचा इतिहास ज्यांच्याशिवाय लिहिता आला नाही, त्यांतले कितीतरी जण तेव्हा पगारावर किंवा रोजंदारीवर दिवस काढत होते.

कृष्णाजी हौलाजी आरा हे त्यांतलं सर्वांत विलक्षण नाव. १९१४मध्ये सिकंदराबादजवळच्या बोलारम इथे जन्म. आई लहानपणीच गेली. सात वर्षांचा असताना हा मुलगा घरातून पळाला आणि मुंबईत पोचला. तिथे घरगडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. चित्रं मात्र काढत राहिला. ती रूडी फॉन लायडन या कलासमीक्षकाच्या नजरेला पडली. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलादिग्दर्शक वॉल्टर लँगहॅमर यांनीही त्याला हात दिला. १९४२मध्ये आरांचं पहिलं एकल प्रदर्शन मुंबईत भरलं, १९४४मध्ये गव्हर्नरचं पारितोषिक मिळालं आणि १९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या सहा संस्थापकांमध्ये ते बसले. घरगडी म्हणून मुंबईत वाढलेल्या माणसाची ही मजल आहे.

आरांनी चित्रांसाठी काय निवडलं, तेही पाहण्यासारखं आहे. फुलदाण्या, फळं, बाटल्या, सुरया. यांतली कुठलीच वस्तू बसायचे पैसे मागत नाही, आणि दिवसभराच्या कामानंतर रात्री परतलं तरी ती जागची हललेली नसते. माध्यम जलरंगाचं आणि गौश या अपारदर्शक जलरंगाचं, पण रंग ते इतका जाड लावत की लांबून तैलचित्रच वाटावं. ऐपतीत बसणाऱ्या साहित्यातून त्यांनी स्वतःची शैली उभी केली. महागडे रंग आणि स्वतंत्र स्टुडिओ मिळेपर्यंत थांबलेल्या प्रत्येकाने आरांच्या फुलदाण्या एकदा प्रत्यक्ष पाहाव्यात.

पंढरपूरला जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन त्याच काळात मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवत होते. मजुरी चौरस फुटाला चार-सहा आणे. बोर्ड रंगवणारा छोट्या फोटोवर चौकटी आखतो, तेवढ्याच चौकटी भल्यामोठ्या कापडावर पाडतो आणि एकेक चौकट मोठी करत नटीचा चेहरा उभा करतो. परातीएवढा डोळा रंगवताना जवळून काहीच कळत नाही, म्हणून हात ठाम लागतो आणि रेघ एकाच दमात ओढावी लागते. हुसेन यांच्या पुढच्या काळातल्या घोड्यांच्या चित्रांतली ती झपाट्याची रेषा पाहिली, की ही मजुरी वाया गेली नाही हे पटतं. पुढे त्यांनी खेळणी आणि मुलांचं फर्निचर बनवणाऱ्या कंपनीतही आरेखनाची नोकरी केली. १९४७मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांचं ‘सुनहरा संसार’ लागलं, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती.

चित्रकार सय्यद हैदर रझा शिष्यवृत्ती घेऊन जे. जे. कलाशाळेसाठी मुंबईत आले, पण उशिरा पोचल्याने प्रवेश हुकला. ते गावी परतले नाहीत. छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत त्यांनी नोकरी धरली आणि कामाचे तास संपल्यावर चित्रं काढली.

आरांनी मिळेल ते काम धरलं, पण हुसेन आणि रझा यांनी पोटापाण्याचं काम रंगरेषेच्या जवळपास शोधलं. आज फ्लेक्सने बोर्ड पेंटरांचा धंदा जवळजवळ संपवला आहे, तरी रंगरेषेजवळची कामं आहेत: पाठ्यपुस्तकांची चित्रं, अॅनिमेशन, नाटक-सिनेमाचे सेट, कलाशिक्षकाची पदविका घेऊन शाळेतली नोकरी. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला वेगळा मान असतो, कारण मूर्तीचा सगळा भाव त्या बारीक ब्रशच्या टोकावर असतो. एक हंगाम तिथे हात बसला, तर मनगटाला जी शिस्त लागते ती आयुष्यभर पुरते.

नोकरीइतकीच गरज असते ती चित्र पाहून खरं बोलणाऱ्या माणसांची. लँगहॅमर यांच्या नेपियन सी रोडवरच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत, चित्रं आणत, चर्चा करत. युरोपातून आश्रयाला आलेले इमॅन्युएल श्लेसिंगर त्यांची चित्रं विकतही घेत. असं घर आज प्रत्येकाला सापडेलच असं नाही. पण आपल्यापेक्षा पुढे असलेल्या दोघा-तिघांना दर महिन्याला काम दाखवायची सवय कुणालाही लावून घेता येते. घरच्यांच्या कौतुकावर विसंबून अनेकांची वर्षं वाया जातात, हे स्पष्ट सांगायला हवं.

मग प्रदर्शन. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२मध्ये सुरू झाली, आणि तिथे एकल प्रदर्शनासाठी भली मोठी प्रतीक्षायादी असते. नवख्याने सुरुवात सामूहिक प्रदर्शनांपासून करावी. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८पासून आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८पासून काम करते आहे. राज्य सरकारचं कला प्रदर्शनही भरतं, आणि त्यात विद्यार्थी व व्यावसायिक कलाकार असे वेगळे विभाग असतात. चित्र परत आलं तरी निवडलेली चित्रं जाऊन पाहावीत. आपलं चित्र त्यांच्या शेजारी मनातल्या मनात टांगलं, की बरंच उमगतं.

आरा नाव झाल्यावरही या धडपडीपासून लांब गेले नाहीत. काळा घोडा भागातल्या आर्टिस्ट्स सेंटरचं काम त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आणि तिथे नवख्या चित्रकारांना प्रदर्शनासाठी मदत केली. १९८५मध्ये ते गेले.

पुढच्या आठवड्यात : पहिल्या चित्राची किंमत कशी ठरवायची, आणि चौकट, वाहतूक, गॅलरीचं कमिशन यांचा हिशेब.