खाडीवरील धक्क्यांचे कृष्णधवल छायाचित्रण : पाण्याची वेळ, एक्स्पोजर आणि संस्करण
(विशेष संदर्भ : पेण व रोहा परिसर, जि. रायगड)

प्रस्तावना :
पेण व रोहा हे तालुके नकाशावर किनाऱ्यापासून आत दिसत असले, तरी समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा त्यांच्या दाराशी येते. अंबा नदी रोहा तालुक्यातील नागोठण्यावरून पेण तालुक्यात उतरते आणि धरमतरच्या खाडीने रेवसजवळ मुंबई बंदराच्या पाण्यास मिळते. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंडा व कोर्लई यांच्यामधून अरबी समुद्रात जाते. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून महाबळेश्वरास निघालेले प्रवासी नागोठण्यापर्यंत जलमार्गाने येत असत. या दळणवळणाच्या खुणा म्हणजे खाड्यांच्या काठचे लहानमोठे धक्के होत.

धक्क्याचे गूढ, उदासवाणे कृष्णधवल छायाचित्र हा प्रकार आज जगभर लोकप्रिय आहे. मायकेल केना या इंग्रज छायाचित्रकाराच्या दीर्घ एक्स्पोजरच्या चित्रांचा त्यावर मोठा प्रभाव आहे. मात्र चित्रातील उदासी ही संगणकावर चित्र काळे करून आणावयाची गोष्ट आहे, असा समज विद्यार्थ्यांत व हौशी छायाचित्रकारांत सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. या चित्राचा भाव प्रथम पाण्याच्या वेळेवर ठरतो, नंतर शटर किती काळ उघडे राहिले यावर. संस्करणाचा क्रम त्यानंतर लागतो.

पाण्याची वेळ :
कोकण किनाऱ्यावरील जुना आडाखा असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता भरतीची स्थूल वेळ मिळते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेस ती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास येते. खाडीत जसजसे आत जावे तसतशी ही वेळ पुढे सरकते, हे धरमतर वा नागोठण्यास काम करताना ध्यानात ठेवावे लागते. अचूक वेळेसाठी मुंबईचे छापील भरतीपत्रक आहेच; परंतु महिन्याचे नियोजन करण्यास पंचांग पुरते.

या साध्या गणितातून छायाचित्रकाराची खरी अडचण पुढे येते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पाण्याचा चढउतार सर्वाधिक असतो. पण त्याच दिवसांत सूर्योदय व सूर्यास्ताच्या मऊ प्रकाशात नेमकी ओहोटी असते. धक्क्याचे खांब तळापर्यंत उघडे पडतात, चिखलाचे काळेभोर पट्टे चमकतात, मचवे एका कुशीवर कललेले असतात. उलट पहाटेच्या प्रकाशात भरलेली खाडी हवी असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस धरावे लागतात. त्या वेळी भांग असल्याने भरती-ओहोटीतील फरक कमी असतो आणि पाणी धक्क्याच्या माथ्यापाशी पोहोचत नाही. पहाटेचा प्रकाश आणि उधाणाची पूर्ण भरती या दोन गोष्टी या किनाऱ्यावर एकत्र मिळत नाहीत.

याला एक पळवाट आहे, ती पावसाळ्याची. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले की दुपारी बारा वाजताही सावल्या पडत नाहीत आणि सर्व दृश्य राखाडी छटांत उतरते. मुंबई बंदरात उधाणाची भरती या दिवसांत साडेचार मीटरच्या वर जाते. म्हणून काठोकाठ भरलेल्या खाडीचे गंभीर चित्र पावसाळ्यातील अमावास्येच्या भर दुपारी घेता येते, जी वेळ इतर ऋतूंत कोणी निवडणार नाही.

एक्स्पोजर :
लाटांचे धुके करावयाचे तर शटर काही सेकंद उघडे ठेवावे लागते आणि त्यासाठी भिंगापुढे गडद करडा एनडी फिल्टर लावतात. दहा स्टॉपचा फिल्टर एक्स्पोजर सुमारे हजारपट वाढवितो. १/६० सेकंदाचे मोजमाप त्यामुळे साधारण १७ सेकंदांवर जाते. सहा स्टॉपचा फिल्टर तेच मोजमाप एका सेकंदापर्यंत नेतो. खाडीच्या पाण्यास बहुधा दुसरा पर्याय अधिक मानवतो. येथे समुद्रासारख्या फुटणाऱ्या लाटा नसतात, प्रवाह असतो. एका सेकंदात प्रवाहाच्या रेषा खांबांभोवती उमटतात, तर १७ सेकंदांत त्या पुसल्या जाऊन पाण्याचा नुसता काचेसारखा पत्रा उरतो. फिल्मवर काम करणाऱ्यास आणखी एक दुरुस्ती करावी लागते. दीर्घ एक्स्पोजरला फिल्मची संवेदनक्षमता घटते. इलफर्डच्या एचपी ५ प्लस फिल्मवर मोजमाप १० सेकंद आले तर प्रत्यक्षात सुमारे २० सेकंद द्यावे लागतात.

आकाश व धक्का यांच्या तेजातील तफावत हा प्रश्न छायाचित्रणाइतकाच जुना आहे. गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५७ मध्ये फ्रान्समधील सेत येथील लाटेचे प्रसिद्ध चित्र केले, तेव्हा समुद्र व आकाश यांच्या दोन वेगळ्या निगेटिव्ह जोडल्या होत्या, कारण तत्कालीन काचेवर दोन्ही एकदम नीट उतरत नसत. संकरित चित्राविषयी आज नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पावसाळी पांढुरके आभाळ मोजमापकास फसविते व धक्का निव्वळ काळी आकृती होऊन बसतो. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर यांच्या झोन पद्धतीनुसार मोजमाप ओल्या चिखलावर घेऊन त्यास तिसऱ्या झोनमध्ये बसविले, तर चिखलाचा पोत टिकतो. मग आभाळाचा तपशील जळतो का, ते स्वतंत्रपणे पाहावे. लाल फिल्टरचा उपयोग हिवाळ्यातील निळ्या आकाशापुरताच. करड्या ढगांवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही, काठावरील तिवरे मात्र विनाकारण काळी पडतात.

संस्करण :
डिजिटल कॅमेऱ्यात रॉ स्वरूप निवडणे येथे अनिवार्य मानावे. १४ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगवाहिनीत १६,३८४ पातळ्या असतात, जेपेगमध्ये केवळ २५६. धुक्यासारख्या आकाशाचा कॉन्ट्रास्ट ताणला की जेपेगमध्ये छटांचे पट्टे दिसू लागतात. कृष्णधवल रूपांतरानंतर एकूण चित्र काळे करण्याऐवजी काळी छटा फक्त खांबांच्या तळाशी व चिखलाच्या सावलीत ठेवावी आणि पाण्याचा एखादा पट्टा उजळ राखावा. अंधाऱ्या खोलीत हाताने केले जाणारे डॉजिंग-बर्निंग हेच होते. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' कागदावर ज्यांनी प्रिंट काढल्या, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. ती कंपनी आता बंद झाली आहे. धक्क्याच्या कडेभोवती पांढरी प्रभा उमटली, तर बर्निंग अति झाले असे समजावे.

चित्रातून गळणारी माणसे :
दीर्घ एक्स्पोजरचा एक परिणाम तंत्राच्या पुस्तकांत ओझरताच येतो. चालता माणूस १७ सेकंदांत चित्रातून नाहीसा होतो. लाँचमधून उतरणारे प्रवासी, पाट्या डोक्यावर घेतलेल्या मासळीवाल्या, दोर बांधणारा खलाशी, कोणीच उरत नाही आणि वर्दळीचा धक्का ओसाड भासतो. रेवसच्या बाबतीत हे विशेष जपून हाताळावयास हवे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली व ६०० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. या किनाऱ्यावरील गावांत ती आठवण अजून आहे. रेवसच्या धक्क्याचे रिकामे, काळवंडलेले चित्र येथील माणसास निव्वळ शैली म्हणून दिसेलच असे नाही. त्याच्या दृष्टीने त्या रिकामेपणास नाव आहे.

म्हणून इतिहास वा भूगोल विभागाच्या संग्रहासाठी काम करताना ट्रायपॉड न हलविता फिल्टर काढून १/१२५ सेकंदाचे दुसरे चित्र घ्यावे, ज्यात माणसे, होड्यांची नावे व पाण्याची पातळी स्पष्ट असतील. धरमतरसारख्या औद्योगिक धक्क्यावर पूर्वपरवानगी आवश्यक असते, आणि ओहोटीच्या चिखलात उतरणे सर्वत्र टाळावे. दोन्ही मूळ फाइल एकाच क्रमांकाखाली ठेवून त्यासोबत स्थळ, दिनांक, तिथी, भरतीची वेळ, एक्स्पोजर व केलेले संस्करण नोंदवावे. संस्करित प्रत स्वतंत्र जतन करावी.