टाच गादीवर टेकू नये

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे माकडहाड घरचे रोज बघतात. पांघरुणातली टाच राहून जाते. बेडसोअर सर्वाधिक माकडहाडापाशी होतात, त्याखालोखाल टाचेवर. टाचेच्या मागच्या हाडावर स्नायूची गादी नाही, नुसती कातडी आणि थोडी चरबी.

उपाय बिनखर्चाचा आहे. पेण-रोह्याकडे घरोघरी असते ती गोधडी घडी करून पोटरीच्या पूर्ण लांबीखाली घालायची. गुडघा किंचित वाकलेला, टाच अधांतरी. टाचेखाली कापडाची चुंबळ किंवा पाणी भरलेला हातमोजा ठेवण्याची रीत मात्र सोडलेली बरी. दाब कमी होत नाही, नुसता कडेला सरकतो.

बोटाने दाबूनही लाल डाग फिका पडत नसेल, तर ती बेडसोअरची पहिली पायरी. तिथे तेल चोळू नये. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून दोन्ही टाचा चाचपून ऊब आणि कडकपणा ताडून पाहावा.

काळी, कोरडी, घट्ट खपली खरवडण्याचा मोह घरच्यांना हमखास होतो. ती तशीच राहू द्यावी. आतल्या जखमेचे ते झाकण आहे. भोवती सूज, पू किंवा दुर्गंधी आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पेण आणि रोहा, दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. मधुमेही रुग्णाच्या पायातला रक्तप्रवाह आधी तपासून घ्यावा लागतो. तो अपुरा असेल तर नुसत्या ड्रेसिंगने जखम भरत नाही.