भाटघरचे पाणी : वस्तुमान, बल आणि ऊर्जा

वस्तुमान, बल आणि ऊर्जा हे शब्द आपण बोलताना सहज एकमेकांच्या जागी वापरतो. पदार्थविज्ञानात त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ते भिन्न का ठेवावे लागतात, हे भोर-वेल्हे परिसरातील धरणांवरून आपणांस नीट समजून घेता येईल.

भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. त्यात सुमारे ६६ कोटी घनमीटर पाणी मावते. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १००० किलोग्रॅम असते. वस्तुमान म्हणजे जडत्वाचे माप. गतीतील बदलाला पदार्थ किती विरोध करतो, हे त्यावरून कळते. वजन त्याहून निराळे. पृथ्वी ज्या बलाने पदार्थास ओढते, ते त्याचे वजन होय. हेच पाणी चंद्रावर नेले तर त्याचे वजन सुमारे एक षष्ठांश होईल, वस्तुमान मात्र तेवढेच राहील.

न्यूटनच्या नियमाप्रमाणे बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. म्हणून एक घनमीटर पाण्याचे पृथ्वीवरील वजन सुमारे ९८०० न्यूटन भरते. यावरून, साठा जितका मोठा तितका भिंतीवरील दाब अधिक, असे कोणासही वाटेल. पण तसे नाही. दाब खोलीवर ठरतो. ४० मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर सुमारे ४० टन वजनाएवढे बल पडते. जलाशय एक किलोमीटर लांब असो वा वीस. म्हणूनच भिंत पायथ्याशी अधिक रुंद बांधतात.

एकूण वस्तुमानाचे महत्त्व ऊर्जेच्या हिशेबात दिसते. एक घनमीटर पाणी ४० मीटर खाली आले की सुमारे ३,९२,००० ज्यूल, म्हणजे विजेच्या युनिटचा जवळजवळ नववा भाग, एवढी ऊर्जा मोकळी होते. १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यातील पानशेत धरण फुटले, तेव्हा पाण्याचे वस्तुमान वाढले नव्हते. अडविणारे बल नाहीसे झाले आणि स्थितिज ऊर्जा गतिज झाली. खालचे खडकवासला धरणही त्यापुढे टिकले नाही आणि नदीकाठचे पुणे उद्ध्वस्त झाले. भिंत किती भक्कम हवी, हे खोली सांगते. भिंत फुटल्यास काय ओढवेल, हे साठ्याचे वस्तुमान आणि त्याची उंची सांगतात. धरणाखाली वस्ती करणाऱ्यांस या दोन्ही गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

वस्तुमान आणि ऊर्जा यांचे आणखी खोल नाते १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखविले : ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. भाटघरचे १६ मेगावॅटचे वीजगृह पूर्ण क्षमतेने ६५ दिवस अहोरात्र चालले, तर सुमारे अडीच कोटी युनिट वीज मिळेल. तेवढ्या ऊर्जेचे वस्तुमान भरते अवघे एक ग्रॅम. ही घट पाणी आणि पृथ्वी मिळून होणाऱ्या व्यवस्थेची असते. कोणत्याही तराजूस ती जाणवणार नाही. पाणी संपत नाही. उंचीमुळे साठलेली ऊर्जा देऊन ते नीरेच्या कालव्यांतून शेतांकडे जाते.