माहितीची मांडणी

माहिती पुष्कळ असणे आणि ती वेळेवर हाती लागणे, या दोन भिन्न गोष्टी होत. वाण्याच्या दुकानात शेकडो जिन्नस असतात. परंतु प्रत्येकाचा डबा ठरलेला असल्यामुळे मागितलेली वस्तू क्षणात गिऱ्हाइकाच्या हाती पडते. तेच जिन्नस एका ढिगात ओतले, तर दुकान भरलेले असूनही गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाईल. पुस्तकांतील आणि अहवालांतील माहितीची स्थिती पुष्कळदा अशा ढिगासारखी असते. तो ढीग निवडून प्रत्येक जिन्नस त्याच्या डब्यात घालणे, हे संगणकासाठी आज्ञावली लिहू लागलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारे पहिले मोठे काम होय.

एखाद्या नवशिक्याने महाराष्ट्रातील शिखरे व किल्ले यांच्या उंचीचा तक्ता करावयाचे ठरविले, असे समजावे. त्याच्यापुढे भूगोलाच्या पुस्तकांतील वाक्ये आहेत : ‘कळसूबाई हे शिखर १६४६ मीटर उंच आहे.’ ‘साल्हेरची उंची १५६७ मीटर आहे.’ ‘रायगड समुद्रसपाटीपासून ८२० मीटर उंचीवर आहे.’ मनुष्यास या वाक्यांचा अर्थ वाचताक्षणी उमगतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती केवळ अक्षरांची रांग असते. त्याला नियम घालून द्यावा लागतो : ‘मीटर’ हा शब्द शोधावा, त्याच्या लगत आधी असलेले अंक उंची म्हणून घ्यावेत आणि वाक्यातील पहिला शब्द नाव म्हणून घ्यावा.

पहिल्या वाक्यास हा नियम बिनचूक लागू पडतो. दुसऱ्या वाक्याशी मात्र तो अडखळतो. संगणक ‘साल्हेरची’ हेच किल्ल्याचे नाव समजून लिहून ठेवतो! मराठीत नामास प्रत्यय जोडले जातात, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून विद्यार्थी नावांची एक यादी आधी तयार करतो आणि वाक्यातील पहिला शब्द यादीतील कोणत्या नावाने सुरू होतो, ते पाहावयास सांगतो. अशा रीतीने नियम सुधारत सुधारतच माहिती वेचण्याची कला साध्य होते.

वेचलेली माहिती साठविताना दुसरी कसोटी लागते. संगणकास अंक दोन प्रकारे ठेवता येतात : संख्या म्हणून किंवा नुसती अक्षरे म्हणून. उंची अक्षरे म्हणून ठेवली, तर संगणक शब्दकोशातील शब्दांप्रमाणे तिचा क्रम लावतो. तो प्रथम पहिले अक्षर पाहतो. ‘८’ हा ‘१’ च्या पुढचा, म्हणून ८२० मीटरचा रायगड १६४६ मीटरच्या कळसूबाईहून उंच ठरतो! एककाचेही तसेच आहे. जुन्या पुस्तकांतून उंची फुटांत दिलेली असते. साल्हेरपुढे फुटांतील ५१४१ आणि कळसूबाईपुढे मीटरमधील १६४६ हे आकडे एकाच रकान्यात पडले, तर राज्यातील सर्वोच्च शिखराचा मान भलत्याकडेच जाईल. म्हणून प्रत्येक रकान्यात एकाच प्रकारची आणि एकाच एककातील माहिती असली पाहिजे.

यापुढे जिल्ह्याचा रकाना येतो. कळसूबाई हे शिखर अहिल्यानगर आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. ‘अहिल्यानगर व नाशिक’ असे एकाच घरात लिहिले, तर नाशिक जिल्ह्यातील शिखरे शोधताना केवळ ‘नाशिक’ हा शब्द जुळविणाऱ्या संगणकास कळसूबाई सापडणार नाही. शिवाय २०२४ साली नाव बदलण्यापूर्वीच्या पुस्तकांत त्याच जिल्ह्याचे नाव अहमदनगर असे आहे. एकच जिल्हा दोन नावांनी तक्त्यात शिरला, की मोजणी चुकलीच.

या अडचणींवरील उपाय एडगर कॉड या गणितज्ञाच्या विचारांत सापडतो. आयबीएम या कंपनीत संशोधन करीत असताना १९७० साली त्याने एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती परस्परांशी जोडलेल्या साध्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्याच्या एका घरात एकच मूल्य असावे, हा त्यातील विचार पुढे जगभर रूढ झाला. त्याप्रमाणे विद्यार्थ्याने तीन तक्ते करावेत. पहिल्यात शिखराचे नाव, उंची व ओळखक्रमांक. दुसऱ्यात जिल्ह्याचे नाव व ओळखक्रमांक. आणि तिसऱ्यात कोणते शिखर कोणत्या जिल्ह्यात, हे दर्शविणाऱ्या क्रमांकांच्या जोड्या असाव्यात. मग कळसूबाईच्या वाट्याला दोन जोड्या येतात आणि जिल्ह्याचे नाव बदलले, तरी ते एकाच ठिकाणी दुरुस्त करावे लागते.

परंतु माहितीचा सर्वांत मोठा शत्रू चूक नव्हे. न कळत झालेली गळती हा होय. चुकीचा आकडा केव्हा तरी डोळ्यांत खुपतो. जो आकडा तक्त्यात आलाच नाही, तो दिसणार कोणाला? २०२० साली इंग्लंडमध्ये याचा कटू अनुभव आला. कोरोनाच्या तपासण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून येत आणि ते एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या तक्त्यांत भरले जात. अशा तक्त्यात ६५,५३६ ओळींहून अधिक ओळी मावत नाहीत, आणि एकेका रुग्णाच्या माहितीस अनेक ओळी लागत होत्या. तक्ता भरल्यावर उरलेल्या नोंदी निमूटपणे बाहेर राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण अशा रीतीने दैनंदिन आकड्यांतून गळले. त्या रुग्णांना आपापले निकाल कळले होते. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्या माणसांचा शोध घेण्यास विलंब झाला. साथीच्या दिवसांत एकेक दिवसाचे मोल किती असते, हे सांगावयास नको.

ही गळती ओळखण्याचा उपाय अगदी साधा आहे. आत किती नोंदी आल्या आणि तक्त्यात किती पोहोचल्या, हे मोजून दोन्ही संख्यांचा मेळ घालावा. ज्या वाक्यास नियम लागू पडत नाही, ते टाकून न देता वेगळ्या यादीत ठेवावे व स्वतः वाचून पाहावे. मूळ मजकूरही जपून ठेवावा. कारण नियम चुकला असे उद्या आढळले, तर पुन्हा मुळाकडेच जावे लागते.

रोजकीर्द लिहिणारा जुना कारकून दिवस संपताना शिल्लक जुळल्यावाचून दप्तर मिटीत नसे. त्याच्या हाती बोरू होता, आजच्या विद्यार्थ्याच्या हाती संगणक आहे. साधन बदलले; परंतु प्रत्येक नोंदीमागे एखादा मनुष्य, एखादे गाव किंवा एखादा डोंगर उभा आहे, याचे भान ठेवून हिशेब जुळविण्याची जबाबदारी मात्र तीच राहिली आहे.